ईसीयू गेला, असं म्हणण्याआधी

जाफराबाद तालुक्यात चारचाकी अडली की निकाल बहुधा रस्त्यावरच लागतो. सेल्फ फिरतो पण गाडी उचलत नाही, किंवा टेंभुर्णीच्या रस्त्याला चालता चालता पिकअप जातो आणि मीटरवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटतं. कुणाच्या तरी खिशातून ब्लूटूथचा छोटा स्कॅनर निघतो, मोबाइलवर ‘पी०६०६’ उमटतं आणि जमलेली चार माणसं सांगून मोकळी होतात, ‘ईसीएम उडाला.’ पुढचं ठरलेलं असतं. टोचन करून पन्नासेक किलोमीटरवरचं जालना, नाहीतर त्याच्या दुप्पट अंतरावरचं छत्रपती संभाजीनगर. तिथे पाच आकडी किमतीचा नवा ईसीयू, तो येईपर्यंतचे दिवस, आणि तोवर माल बाजारात न्यायला भाड्याची गाडी.

निदान बरोबर असेल तर हा खर्च टळत नाही. चुकलं तर मात्र दोनपैकी एक होतं. नवा ईसीयू बसवूनही गाडी तशीच उभी राहते, किंवा ज्या शॉर्टनं जुना ईसीयू गेला तोच शॉर्ट नव्यालाही घेऊन जातो. हा लेख गाडीमालकासाठी आहे, आणि ज्याच्याकडे एक मल्टिमीटर व २१ वॅटचा बल्ब आहे अशा आपल्या तालुक्यातल्या गॅरेजवाल्यासाठीही आहे. ईसीयूच्या आतला बिघाड ओळखण्याचं निम्म्याहून जास्त काम त्याच्या बाहेरच करायचं असतं, आणि ते जाफराबादेतच होऊ शकतं.

ईसीयू आणि ईसीएम ही एकाच डब्याची नावं. पत्र्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पेटीत एक छापील सर्किट. त्यावर प्रोसेसर, मेमरी, सेन्सरना पाच व्होल्ट पुरवणारा भाग आणि इंजेक्टर, कॉइल, रिले चालवणारे ड्रायव्हर. गाडीनुसार तो बॅटरीशेजारी, डॅशबोर्डखाली किंवा पायाजवळच्या कोपऱ्यात असतो. स्वतःचे आणि सेन्सरांचे दोष नोंदवण्याची ओबीडी व्यवस्था भारतात एप्रिल २०१० पासून बीएस-४ गाड्यांना टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि २०१३ मध्ये तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा आला. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. ट्रॅक्टरवाल्यांनीही हे वाचायला हरकत नाही. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून नवे उत्सर्जन नियम लागू झाले, त्यामुळे त्या वर्गात कॉमन रेल इंजिन आणि ईसीयू शेतात पोचले आहेत. या डब्यांसाठीचं सॉफ्टवेअर पुण्याच्या हिंजवडीत लिहिलं जातं, आणि त्याच राज्यातल्या तालुक्याच्या गावी त्याची तपासणी अजून हातानं थोपटून होते. याला मिस्त्रीचा दोष म्हणता येत नाही. वायरिंगचे नकाशे मराठीत सोडाच, पुष्कळदा कुठल्याच भाषेत त्याच्या हाती पडत नाहीत.

आता त्या कोडकडे वळू. ईसीयू स्वतःवर आरोप करतो तो पी०६०१ ते पी०६०७ या कोडांनी. पी०६०१ म्हणजे मेमरीतल्या प्रोग्रामची बेरीज जुळली नाही. ईसीयू आपल्या मेमरीतले आकडे ठरलेल्या रीतीनं जोडतो आणि साठवलेल्या उत्तराशी ताडून पाहतो. फरक पडला की हा कोड. पी०६०२ प्रोग्रामिंग अपुरं राहिल्याचा, पी०६०३ बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या आठवणीचा, पी०६०४ आणि पी०६०५ मेमरीच्या दोन प्रकारांचे, पी०६०६ प्रोसेसरचा आणि पी०६०७ एकूण कामगिरीचा. प्रोसेसरची परीक्षा कशी होते हे समजून घेण्यासारखं आहे. मुख्य प्रोसेसरच्या शेजारी दुसरी एक चिप असते. पाढे विचारणाऱ्या मास्तरासारखी ती सतत प्रश्न टाकते आणि उत्तर ठरलेल्या मिलिसेकंदांत, बिनचूक यावं लागतं. उत्तर चुकलं किंवा उशिरा आलं की ती प्रोसेसरला पुन्हा सुरू करते, वेळ पडल्यास थ्रॉटल आणि इंजेक्टर बंद करते. पाय न लावता गाडी पळू नये म्हणून ही सोय आहे.

पण उत्तर उशिरा येण्याचं कारण प्रोसेसर खराब हेच असतं असं नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज खोल गेलं, ईसीयूची अर्थ ढिली असली, अल्टरनेटरचा डायोड जाऊन तारेवर खरखर आली, तरी हाच कोड पडू शकतो. बॅटरी काढून लावल्यावर पी०६०३ दिसला तर त्यात नवल नाही. प्रोग्राम टाकताना मध्येच वीज गेली तर पी०६०१ किंवा पी०६०२ येऊ शकतो. तिथे डबा शाबूत असतो, आतलं लिखाण अर्धवट असतं. म्हणून स्कॅनरवर ‘इंटर्नल’ हा शब्द दिसला तरी त्याला पुरावा मानू नका. ती फिर्याद आहे, तपास पुढे करायचा आहे.

पहिलं काम कोड आणि त्यासोबत नोंदलेली परिस्थिती, म्हणजे त्या क्षणीचं व्होल्टेज, इंजिनाचे फेरे, तापमान, लिहून ठेवणं किंवा मोबाइलवर फोटो काढणं. कोड पुसण्याची घाई फार जणांना असते. पुसल्यावर ही नोंदही जाते, मग जालन्याच्या माणसाला तुम्ही काय दाखवणार?

मग बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना मीटर बॅटरीवर धरून ठेवा, ९.६ च्या खाली उतरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा किंवा दुसरी लावा, आणि मगच पुढचं बोला. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.७ दिसावं. नव्या काही गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे आकडा खालीवर होतो. आता मीटर एसीवर टाका आणि बॅटरीच्या दोन टोकांवर पुन्हा धरा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर अल्टरनेटरचे डायोड संशयित. दोन मिनिटांची ही तपासणी आपल्याकडे क्वचितच कुणी करतं, आणि ईसीयूवरचे कितीतरी खोटे आरोप इथेच सुटतात.

अर्थिंगवर मात्र जरा थांबू, कारण आपल्याकडचा खरा घोळ इथे आहे. काळ्या मातीचा चिखल, बॅटरीचं पाणी सांडून चढलेला पांढरा थर, इंजिन उतरवल्यावर पुन्हा घट्ट न बसवलेला अर्थ बोल्ट. अशी अर्थ टेस्ट लॅम्पवर किंवा ओहममध्ये ठीक दिसते, कारण तपासताना तिच्यातून विद्युतप्रवाह नावालाच जात असतो. म्हणून भार टाकून मोजा. मीटर दोन व्होल्टच्या डीसी स्केलवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल टोक ईसीयूच्या कपलरमधल्या अर्थ पिनवर, कपलर जोडलेला असतानाच मागच्या बाजूनं बारीक सुई सरकवून. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी तार, सगळं सुरू करा. शक्य असेल तर सेल्फही मारा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगली. ०.३ किंवा जास्त आलं तर अर्थ खराब, आणि तोवर ईसीयूबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ईसीयूला दोन, तीन, कधी त्याहून जास्त अर्थ असतात, सगळ्या पाहा. वायरीच्या इन्सुलेशनला टाचणी टोचून मोजायची सवय सोडा. त्या छिद्रातून पावसाचं पाणी शिरतं आणि वर्षभरात तांब्यावर हिरवा थर चढून तीच जागा नवा बिघाड होते.

पॉझिटिव्हचीही हीच रीत. इथे मुख्य रिले महत्त्वाचा. पुष्कळ गाड्यांत किल्ली फिरवली की ईसीयू स्वतः या रिलेच्या कॉइलला अर्थ देतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. आवाजच नसेल तर फ्यूज पाहा, मग शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून त्याच्या जागी लावा. पी०६८५ हा कोड याच रिलेच्या सर्किटचा. ईसीयूच्या पिनवर १२ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका. वायरीचे धागे तुटून दोनच उरले तरी मीटर १२ दाखवतो. कपलर काढून त्या पिनच्या वायरीवर २१ वॅटचा बल्ब लावा; रिलेला अर्थ ईसीयूच देत असेल तर कपलर निघाल्यावर रिले सुटतो, तेव्हा आधी रिलेच्या जागी जम्पर लावा. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी. मंद पेटला तर कुठेतरी गंज किंवा अर्धी तुटलेली तार आहे.

स्कॅनर ‘लिंक’ होत नाही म्हणून ईसीयू मेला, हा दुसरा लाडका निष्कर्ष. आधी तोच स्कॅनर दुसऱ्या धडधाकट गाडीला लावून बघा, कारण स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर सगळ्या गाड्यांशी बोलतातच असं नाही. मग स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट आणि ४ व ५ वर चांगली अर्थ आहे का पाहा. कित्येक गाड्यांत या सॉकेटचा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. लायटरमध्ये खोचलेल्या स्वस्त मोबाइल चार्जरनं तो फ्यूज उडतो आणि बदनाम होतो ईसीयू.

सॉकेट ठीक असेल तर कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याच्या, दोन तारा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, काही मिनिटं जाऊ द्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आले तर बरं. जाळ्याच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक असतात, ते समांतर जोडलेले असल्यानं एकत्रित रोध ६०. १२० दिसले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या आसपास असेल तर दोन तारा एकमेकींना लागल्यात. नव्या काही गाड्यांत सॉकेट आणि मुख्य जाळं यांच्यामध्ये गेटवे असतो, तिथे हा आकडा वेगळा येऊ शकतो. त्यानंतर चांगल्या स्कॅनरनं गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलांना हाक मारा. एबीएस बोलतो, मीटर बोलतो, दोघेही यू०१०० म्हणजे ‘इंजिन ईसीयूशी संपर्क तुटला’ अशी तक्रार करतात, आणि इंजिनाचा ईसीयूच तेवढा गप्प आहे, तर बिघाड जाळ्यात कमी आणि ईसीयूच्या वीज, अर्थ, कॅन तारांत किंवा खुद्द त्याच्यात जास्त.

आता ज्यानं सगळ्यात जास्त ईसीयू विनाकारण बदलले गेले असतील असं मला वाटतं, ते प्रकरण. ईसीयू कित्येक सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो. रेल प्रेशर, मॅनिफोल्डचा दाब, अॅक्सिलरेटर पेडल, काही गाड्यांत कॅमशाफ्ट, एसी गॅसचा दाब. या पाच व्होल्टच्या एका तारेवर चार-पाच सेन्सर टांगलेले असतात. त्यांतला एक आतून शॉर्ट झाला, किंवा वायर घासून बॉडीला लागली, की सगळ्यांचा पुरवठा एकदम बसतो. एकाच वेळी दहा-बारा कोड पडतात. काही गाड्यांत तर ईसीयू स्कॅनरशी बोलणंही सोडतो, चेक लाइट पेटत नाही, रिले टकटक करतो. चित्र हुबेहूब मेलेल्या ईसीयूचं. पी०६४१, पी०६५१ किंवा पी०६९७ यांपैकी कोड असेल तर आधी इकडेच या, कारण हे तिन्ही कोड सेन्सरच्या संदर्भ व्होल्टेजचेच आहेत.

तपासणी सोपी आहे, चिकाटी लागते. किल्ली ऑन करा. तीन वायरींच्या एखाद्या सेन्सरचा कपलर काढा आणि त्याच्या पुरवठ्याच्या पिनवर मोजा. ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत. शून्याच्या जवळ असेल तर मीटर तिथेच लावून ठेवा आणि सोबत्याला एकेक सेन्सरचा कपलर काढायला सांगा. ज्या क्षणी पाच व्होल्ट परत येतात, त्या क्षणी काढलेला सेन्सर गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर बॅटरी सोडा, ईसीयूचाही कपलर काढा आणि ती वायर बॉडीला लागते का पाहा. लागत असेल तर वायर शोधा. इंजिनाच्या ब्रॅकेटजवळ, बॅटरीच्या ट्रेखाली, फायरवॉलच्या रबराशी. पाच व्होल्टच्या जागी १२ दिसले तर ती वायर कुठेतरी बॅटरीच्या तारेला टेकली आहे. आणि वायर दोन्ही बाजूंनी स्वच्छ असेल, ईसीयूला वीज आणि अर्थ भारासकट पक्की मिळत असेल, आणि तरीही तो पाच व्होल्ट देत नसेल, तर आता ईसीयूवर बोट ठेवा. एका ईसीयूत अशी दोन-तीन वेगळी पाच व्होल्टची सर्किटं असतात. कुठला सेन्सर कुठल्या सर्किटावर हे वायरिंगच्या नकाशावरच कळतं. तो नकाशा मिळवायला थोडे पैसे गेले तरी ते वाया जात नाहीत.

एखादाच सिलिंडर मिस करत असेल तर संशय त्याच्या ड्रायव्हरवर जातो. कोड पी०२०१ ते पी०२०४ इंजेक्टरांच्या सर्किटचे, पी०३५१ ते पी०३५४ कॉइलचे. पेट्रोल गाडीत एक आणि दोन नंबरची कॉइल अदलाबदल करा. दोष कॉइलसोबत सरकला तर कॉइल खराब. सिलिंडरवरच राहिला तर वायर किंवा ड्रायव्हर. वायर ईसीयूच्या पिनपासून कपलरपर्यंत बल्बनं तपासली, पुरवठा आहे, पेट्रोल इंजेक्टरचा रोध नेहमीच्या १२ ते १६ ओहममध्ये आहे, आणि तरी नॉइड लाइट, म्हणजे इंजेक्टरच्या कपलरला लावायचा तपासणीचा दिवा, लुकलुकत नाही, म्हणजे आतला ड्रायव्हर गेला. पण ड्रायव्हर का गेला हे विचारल्याशिवाय नवा ईसीयू लावू नका. कॉइल आतून शॉर्ट असेल तर ती नव्याचाही ड्रायव्हर जाळते.

डिझेलच्या कॉमन रेल गाडीत हे प्रयोग जपून. तिथे इंजेक्टरला ईसीयू ६५-८० व्होल्ट किंवा त्याहून जास्त देतो आणि रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाचा इंजेक्टर कपलर ओढू नका, पाइपची नट सैल करू नका. या गाड्यांत इंजेक्टर पुष्कळदा दोन-दोनच्या गटात चालवले जातात, त्यामुळे एक शॉर्ट झाला की दोन सिलिंडर एकदम बंद पडतात. ते पाहून ईसीयू गेला असं वाटतं. गेलेला असतो इंजेक्टर. सोलेनॉइड प्रकारच्या इंजेक्टरचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपासच असतो, साधा मीटर तिथे विश्वासाचा नाही. हे काम डिझेल पंपवाल्याकडे न्या.

इमोबिलायझर तर विसरूच नका. किल्लीचं चित्र लुकलुकतंय, गाडी सुरू होऊन क्षणात बंद पडते, पी०५१३ किंवा पी०६३३ दिसतो, तर ईसीयूला किल्ली ओळखू येत नाही एवढंच झालंय. दुसरी किल्ली लावून पाहा.

हे सगळं निस्तरल्यावरच आतल्या बिघाडाचा थेट पुरावा शोधता येतो. बॅटरी भरलेली, शक्य तर चार्जरवर. कोड पुसा, किल्ली बंद करा, पुन्हा ऑन करा, इंजिन सुरू करू नका. पी०६०४, पी०६०५ किंवा पी०६०६ लगेच, दर वेळी परत येत असेल तर आरोप खरा मानायला हरकत नाही. मधूनच येणारा बिघाड जास्त छळतो. सकाळी गाडी नीट, दुपारी ४२ अंशांत उभी करून तासाभरानं सेल्फ मारला की मुकी. सावलीत थंड झाली की पुन्हा नीट. अशा वेळी सोल्डरचा सांधा तडकलेला असू शकतो. ईसीयूवर केस वाळवायच्या ड्रायरची ऊब काही मिनिटं द्या, हीट गन नको, आणि स्कॅनरवर नजर ठेवा. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीनं पेटीवर हलकेच टिचक्या मारा, त्यानंतर वेगळ्यानं कपलरची वायरिंग हलवा. टिचकीनं बिघाड आला तर आत, वायर हलवून आला तर पिनमध्ये. दोन्ही एकदम केलंत तर काहीच कळणार नाही.

पेटी उघडण्याचा मोह आवरा. वॉरंटी असेल तर ती जाते. काही ईसीयूंमध्ये चिनीमातीसारख्या पट्टीवर केसाएवढ्या अॅल्युमिनियम तारा जेलमध्ये बुडवलेल्या असतात. बोट लागलं तरी तुटतात आणि सोल्डरिंग आयर्ननं जोडता येत नाहीत. कपलर मात्र जरूर पाहा. पिनांवर हिरवट थर, ओल, वाकलेली किंवा आत ढकललेली पिन, जळाल्याचा वास.

आपल्या भागात ईसीयू खरोखर कशानं जातात, हे माहीत असलं तर तपासाला दिशा मिळते. केळणा आणि धामणेच्या काठचं हे गाव. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी घालणारे कमी नाहीत, आणि वॉशिंग सेंटरवर इंजिनात थेट प्रेशरचं पाणी मारून घेणारे त्याहून जास्त. पाणी वायरीच्या आतून झिरपतही ईसीयूपर्यंत पोचतं. मका, सोयाबीन निघाल्यावर उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. त्या मोसमात गाडी गोदामाशेजारी उभी राहत असेल तर बॉनेट आठवड्यातून एकदा उघडाच.

पिकअपला कॅरिअर किंवा हूक वेल्ड करताना बॅटरी जोडलेली ठेवणं हे तर सरळ आमंत्रण. बॅटरीची दोन्ही टोकं सोडा, वेल्डिंगची अर्थ जोडायच्या जागेच्या अगदी जवळ धरा, ईसीयू जवळ असेल तर त्याचाही कपलर काढा. बॅटरी उतरली म्हणून ट्रकवरून जंप देताना लक्षात ठेवा, ट्रकवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. केबल त्यांतल्या एकाच बॅटरीवर लावा. आणि अल्टरनेटर चार्ज करतो का हे पाहायला चालत्या इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उचलायची जी जुनी युक्ती आहे, ती डायनॅमोच्या काळात चालून गेली. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज असं उसळतं की ईसीयूसकट दोन-तीन मॉड्यूलं एकदम जाऊ शकतात. गॅरेजात कुणी तो हात पुढे केला तर सरळ नको म्हणा.

कारखान्यातूनच दोष आला, असंही होतं, पण विरळा. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीनं अल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा मिळून १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या त्या गाड्यांच्या एअरबॅग कंट्रोलरमध्ये दोष असण्याची शक्यता होती, आणि तो मोफत तपासून बदलून दिला गेला. तो इंजिनाचा ईसीयू नव्हता, पण जात तीच. म्हणून खर्च करण्यापूर्वी चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत केंद्रात विचारा, आपल्या गाडीवर असं काही बोलावणं बाकी आहे का.

समजा, ईसीयूच गेल्याचं ठरलं. गाडी वॉरंटीत असेल तर कुणालाही हात लावू न देता अधिकृत केंद्र. नसेल तर आधी दुरुस्ती विचारा. ड्रायव्हर, कपॅसिटर, सोल्डरचे बिघाड टेबलावर जोडून तपासणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत आणि दुरुस्ती नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. गाडी टोचन करून न्यायची गरज नाही, नुसता डबा पाठवता येतो. पण लेबलचा स्पष्ट फोटो, हार्डवेअर व सॉफ्टवेअर नंबर, चॅसी नंबर आणि तुम्ही केलेल्या तपासण्यांचे आकडे सोबत द्या. इमोबिलायझरमुळे किल्लीही लागू शकते, ते आधी विचारा. काही करण्यापूर्वी आतला डेटा वाचून जपून ठेवायला सांगा. तो असला तर भंगारातल्या गाडीचा ईसीयू घेऊन त्यात तुमची माहिती उतरवता येते. अशा जुन्या ईसीयूचे नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळले पाहिजेत, ‘याच मॉडेलचा आहे’ एवढ्यावर भागत नाही. प्रोग्राम टाकताना गाडीची बॅटरी चार्जरवर आणि लॅपटॉप पूर्ण भरलेला असू द्या. लाइट जायची आपल्याकडची रीत बघता चार्जर इन्व्हर्टरवर लावला तर उत्तम.

बसवल्यावरही काम उरतं. किल्ल्या जुळवणं, गाडीच्या प्रकाराचं कोडिंग, थ्रॉटलची शिकवणी, आणि डिझेल असेल तर प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला अंक-अक्षरांचा कोड ईसीयूत भरणं. शेवटची गोष्ट राहिली की गाडी चालते, पण धूर सोडते, ठोकते, आणि पुन्हा नव्या ईसीयूलाच शिव्या बसतात.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. नेहमीच्या मोटर पॉलिसीत विद्युत आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. उंदीर, पाणी यांसाठी वेगळं कवच घेतलंय का ते कागदावर पाहा. दुरुस्ती करणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या. त्यावर जुन्या व नव्या डब्याचा सिरियल नंबर, काय बदललं ते आणि हमीची मुदत लिहून मागा, आणि जुना ईसीयू परत घ्या. न बदलता बदलल्याचं बिल लावलं असेल तर ते या नंबरांवरून उघड होतं, आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर किंवा जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना हातात कागद असतो.